चाळीस भाराचे तोडे आणि मशीनवरचा आकडा

२०२४ च्या गुढीपाडव्याच्या आठवड्यात मी सासूबाईंचे चांदीचे तोडे मोडीत घातले आणि त्या बदल्यात लेकीच्या लग्नासाठी पैंजणं, जोडवी आणि मासोळ्या घेतल्या. या एकाच व्यवहारात आम्ही दोन्हीकडून नागवलो गेलो. जुनं देताना फसलो आणि नवं घेतानाही. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुरावा म्हणावा असा कागद माझ्याजवळ नाही. तो का नाही, तेही सांगते. लग्नसराई आली की घरोघरी हाच व्यवहार होतो आणि बहुतेक वेळा आपण बायकाच तो करतो. म्हणून सगळं आकड्यांसकट लिहिते आहे.

आधी तोड्यांबद्दल. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांचे तोडे पिळाचे होते, अंगठ्याएवढे जाड, टोकाला मळसूत्री फासा. आत्यांच्या आजीने साठवलेले चाळीस राणीछाप रुपये (व्हिक्टोरिया राणीच्या काळातली चांदीची नाणी) सोनारासमोर मोजून आटवले आणि त्याचे हे तोडे झाले, असं घरात सगळ्यांना तोंडपाठ. चाळीस रुपये म्हणून चाळीस भार, म्हणजे चाळीस तोळे. एक रुपया बरोबर एक तोळ्याचा असायचा, त्यामुळे हिशोब सोपा. सोनं पायात घालायचं नाही, ती लक्ष्मी. म्हणून बायकांची जी काही पुंजी पायात असायची ती चांदीची. आत्या लग्नानंतर कित्येक वर्षं ते तोडे घालून शेतात जात होत्या. आता त्यांच्या पायांना सूज असते. नातीच्या लग्नाला त्यांनी ते स्वतः ट्रंकेतून काढून माझ्या हातात ठेवले. लेक म्हणाली, आई, एवढे जड कोण घालणार, यातून पैंजणं करू या. मलाही पटलं.

आमच्या तालुक्याच्या गावी सराफ पेठेत गेले. दुकान नवं, एसी, काचेचं. काउंटरवर टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढायचं मशीन. वस्तू आत ठेवायची, झाकण लावायचं, अर्ध्या मिनिटात पडद्यावर चांदी किती टक्के, तांबं किती, जस्त किती असे आकडे येतात. आमच्या जुन्या सोनाराकडे कसोटीचा दगड आणि त्याचा अंदाज एवढंच असायचं. इथे सगळं डोळ्यांसमोर होतं. माझा विश्वास तिथेच बसला.

पहिल्यांदा काट्यावर वजन केलं. ४५८ ग्रॅम. मी मनात म्हटलं, चाळीस भार म्हणजे चारशे ग्रॅम, इथे तर अठ्ठावन्न जास्तच भरले, माणूस सचोटीचा दिसतो. खरं म्हणजे तो आजच्या तोळ्याचा हिशोब झाला. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. चाळीस रुपये म्हणजे ४६६ ग्रॅम, त्यातले झिजून आठेक ग्रॅम कमी. काटा बरोबरच होता. वजनात फसवण्याची त्याला गरजच नव्हती.

मग दुकानदाराने एक तोडा मशीनमध्ये ठेवला. ठेवताना तो फिरवून फाशाकडची बाजू खाली केली, हे मला नीट आठवतं, कारण झाकण बसेना आणि त्याने दोनदा जागा बदलली. आकडा आला ७०.४. तो म्हणाला, "ताई, जुन्या चांदीत लोक वाटेल ते मिसळायचे." मी रुपयांची गोष्ट सांगितली, तर म्हणाला, "आज्या असंच सांगतात." मी गप्प बसले. पडद्यावर आकडा दिसत असताना आपलं घरातलं ऐकीव कोण धरून बसणार?

नंतर लेकीने निवडलेली पैंजणं ठेवली. ९२.१. "बघा, ९२.५ चा माल." आतल्या बाजूला ९२५ असा ठसाही होता.

हिशोब असा झाला. तोडे ४५८ ग्रॅम, ७० टंचाने ३२० ग्रॅम चांदी धरली. मोडीचा भाव ग्रॅमला ८० रुपये, म्हणजे २५,६०० जमा. नवी पैंजणं २१२ ग्रॅम, जोडवी-मासोळ्या २६ ग्रॅम, मिळून २३८ ग्रॅम. भाव ८२ रुपये, वर घडणावळ ग्रॅममागे १८. एकूण २३,८००. वरचे १,८०० रुपये रोख माझ्या हातात दिले. दागिने घेऊन वर पैसे परत मिळाले, म्हणून मी खुशीत.

पक्कं बिल करू का, असं त्याने विचारलं होतं. केलं तर तीन टक्के जीएसटी, ७१४ रुपये. मी नको म्हटलं. मला एक चिठ्ठी मिळाली, वर "एस्टिमेट" छापलेलं, खाली वजन आणि रक्कम. दुकानाचं नाव नाही, टंच नाही. त्यानंतर चहा आला, आणि चहा घेईपर्यंत दुकानातला मुलगा तोडे घेऊन आत गेला.

लेकीचं लग्न झालं. दिवाळीला माहेरी आली तेव्हा एका पैंजणाचा फासा तुटलेला होता आणि कडेच्या पट्टीवर तांबूस-पिवळट रंग आलेला होता. इथे एक सांगायला हवं. चांदी काळी पडली म्हणजे ती खोटी, असं नाही. हवेतल्या गंधकाने, घामाने अस्सल चांदीही काळी पडते आणि घासली की पुन्हा उजळते. पण घासल्यावर लाली दिसायला लागली, तर वरचा मुलामा जाऊन खालचं तांबं बोलतंय असं समजावं.

माझ्या मैत्रिणीचे सासरे हुपरीचे. कोल्हापूर जिल्ह्यातलं हे गाव चांदीच्या कामासाठी, त्यातही पैंजणांसाठी, देशभर माहीत आहे. त्यांनी स्वतः तीस वर्षं झाळकाम, म्हणजे दागिन्याचे जोड सांधायचं काम, केलंय. पैंजण हातात घेऊन त्यांनी आधी घुंगरू कानाशी हलवलं, मग चिमट्याने एक घुंगरू उघडून आतली बारीक गोळी माझ्या तळहातावर ठेवली. पोलादाची. अशी ऐंशीच्या वर घुंगरं, शिवाय रंगीत खडे, सगळं चांदीच्या भावाने तोललेलं. मग पट्टीच्या आतल्या बाजूला कानशीने दोनदा घासलं. वरचा पांढरा थर निघाला आणि खाली फिकट पिवळसर धातू दिसला. "साठाच्या आतला माल हाय," ते म्हणाले.

मी हुपरीच्या मालाबद्दल काहीतरी बोलून गेले. त्यावर ते रागावले आणि त्यांचा राग रास्तच होता. व्यापारी मागेल त्या टंचाचा माल कारागीर करतो. शुद्ध चांदी मऊ असते, तिचं रोज वापरायचं पैंजण टिकणार नाही, त्यामुळे मिसळ लागतेच. साठ टंचाचं पैंजण साठ टंच सांगून, साठ टंचाच्या भावाने विकलं तर त्यात कसलीच फसवणूक नाही. गरिबाच्या पोरीलाही पायात चांदी मिळते. साठाचा माल ९२ म्हणून विकणारा दोषी. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, म्हणून मीही इथे लिहिते.

त्यांच्या सांगण्यावरून मी कोल्हापूरला एका तपासणी केंद्रात पैंजणं घेऊन गेले. मशीन तसलंच. पहिला आकडा ९१.८. माझ्या पोटात गोळा आला, वाटलं आपणच उगाच संशय घेतला. पण तिथल्या मुलाने कानशीने घासलेली जागा शोधली, ती बरोबर खाली धरली आणि पुन्हा झाकण लावलं. ५७.३. मग त्याने समजावलं. हे मशीन एक्स-रेवर चालतं आणि धातूचा फक्त वरचा, केसाहून पातळ थर वाचतं. वर शुद्ध चांदीचा मुलामा असेल तर ते मुलाम्याचाच आकडा दाखवणार. याच्या उलट, जिथे झाळ दिलेली असते तिथे तांबं-जस्त जास्त असतं, तिथे धरलं की चांगली वस्तूही हलकी दिसते. तोडा फिरवून फाशाकडची बाजू खाली का धरली, ते मला तेव्हा कळलं. दोन्ही वेळा पडद्यावर आलेला आकडा खरा होता. कुठली जागा मशीनखाली धरायची हे मात्र तो ठरवत होता.

आता खरा हिशोब. राणीछाप रुपयात ९१.७ टक्के चांदी असते. फाशाची झाळ आणि मळ वजा जाता तोडे नव्वदचे धरले, तरी ४१२ ग्रॅम चांदी, म्हणजे ३२,९६० रुपये. मिळाले २५,६००. नव्यात गोळ्या आणि खडे नऊ ग्रॅम काढले तर उरतात २२९, त्याची ५७ टंचाने जेमतेम १३० ग्रॅम चांदी, किंमत १०,७०० च्या आसपास. मी दिले १९,५१६. दोन्ही मिळून सोळा हजारांचा फटका, घडणावळ सोडून. आणि ७१४ रुपये वाचवले होते.

दुकानात परत गेले. तो म्हणाला, "ताई, मशीन तुमच्यासमोरच लावलं होतं ना?" केंद्रातला कागद दाखवला, तर "हा माल आमचाच कशावरून? पावती दाखवा." चिठ्ठी पुढे केली. त्याने ती हातातही घेतली नाही. तोडे मागितले, ते कधीच आटवले होते. शेवटी फार उपकार केल्यासारखं म्हणाला, ५० टंचाने पैंजणं परत घेतो. विकताना ९२ सांगितलेली वस्तू परत घेताना ५० ची होते, म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. मी पैंजणं उचलली आणि निघाले. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, बिल आहे का.

म्हणून बिलापासूनच सांगते. पक्कं बिल घ्या आणि त्यावर वजन, टंच, त्या दिवसाचा भाव, घडणावळ हे वेगवेगळं लिहून घ्या. हॉलमार्कचा, म्हणजे शुद्धतेची अधिकृत खूण असलेला, दागिना बिलासह घेतला आणि शुद्धता कमी निघाली, तर तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद २०१८ च्या बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नियमांत आहे. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. नुसता ९२५ चा ठसा म्हणजे हॉलमार्क नव्हे, तो कोणीही हातोडीने मारू शकतो. सोन्याला हॉलमार्क सक्तीचा आहे, चांदीला ऐच्छिक. पण १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कवरही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, यायला लागला आहे. तो बीआयएस केअर अॅपवर घालून तिथल्या तिथे पडताळता येतो. नव्या सुनेची जोडवी असोत की बारशाचे वाळे, मागा तरी. आपण मागितल्याशिवाय दुकानदार ठेवणार नाही.

आणि विकत घेण्याआधीच विचारा, हीच वस्तू सहा महिन्यांनी आणली तर किती टंचाने परत घ्याल? त्याचं जे उत्तर येईल तो तिचा खरा टंच. जो भाव सांगतोय तो शुद्ध चांदीचा की त्या टंचाचा, हेही विचारा. माझ्याकडून ५७ टंचाच्या मालाला शंभर टंचाचा, म्हणजे शुद्ध चांदीचा, भाव घेतला गेला.

लोहचुंबकावर मात्र भिस्त ठेवू नका. चांदीला तो चिकटत नाही हे खरं, पण तांबं-पितळेलाही चिकटत नाही. जर्मन सिल्व्हर म्हणून जे मिळतं त्यात नावापुरतीही चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं, तेही चुंबकाला सहसा चिकटत नाही. जत्रेत हौसेने घ्यायला ते ठीक आहे. चांदी म्हणून घेऊ नका.

जुनं मोडायचं असेल तर आधी बाहेरच्या केंद्रात टंच काढून घ्या. दोन-तीन ठिकाणी वाचन घ्यायला सांगा, झाळेची जागा सोडून. खर्च दोन-अडीचशे रुपये. सराफाकडे जाताना तो कागद पर्समध्ये असू द्या. कागद बघून बोलणंच बदलतं, हे मी नंतर एका जावेबरोबर जाऊन पाहिलं.

कोल्हापूरला जाताना मी आणखी एक गोष्ट बरोबर नेली होती. आत्यांच्या आजीने एकेचाळीस रुपये साठवले होते. चाळीस आटवले आणि एक देवघरात लक्ष्मीपूजनासाठी ठेवला. राणीचा मुखडा झिजून गुळगुळीत झालेला, कडेला हळदीकुंकवाचे थर. केंद्रातल्या मुलाने तो पुसून मशीनमध्ये ठेवला. ९१.५.

घरी येऊन मी आत्यांना सगळं सांगितलं. इतके दिवस लपवलं होतं. त्या रागावल्या नाहीत. रुपया पदराने पुसून त्यांनी परत देव्हाऱ्यात ठेवला आणि थोड्या वेळाने विचारलं, "तोडं आटवताना तू समोर उभी हुतीस न्हवं?"

मी नव्हते. मी चहा पीत होते.