घरात लहान मुलं आहेत, मग लॅब, बीगल, पग की अजून कोणी?

कुत्रा आणायचा ठरला की घरात पहिला वाद जातीवरूनच होतो. मुलांना पग नाहीतर हस्की हवा असतो, कोणालातरी राखणीसाठी जर्मन शेफर्ड हवा असतो, आणि रोज पहाटे उठून जो फिरवायला नेणार त्याचं मत विचारायचं राहूनच जातं. मला वाटतं आधी त्यालाच विचारा, कारण जात निवडताना खरं बघायचं ते हेच की आपल्या घरातल्या कोणाकडे किती वेळ आहे आणि त्या कुत्र्याच्या अंगात पिढ्यानपिढ्या कुठलं काम मुरलंय. आमच्याकडे ९ वर्षांची लॅब (लॅब्रॅडोर) आहे, ताईकडे बीगल आहे, दोन्हीकडे मुलं लहान असतानाच पिल्लू आलं, त्यामुळे या दोघांबद्दल जरा जास्त लिहिते.

लॅब की गोल्डन, हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. दोघंही रिट्रीव्हर, म्हणजे शिकारीत पडलेला पक्षी तोंडात अलगद धरून परत आणून देणारे, म्हणून दोघांना तोंडात काहीतरी धरून फिरायची हौस असते आणि माणसाचं ऐकायची मनापासून इच्छा असते, मुलांच्या घरात हा फार मोठा गुण आहे. वजन जवळपास सारखंच, मादी २५ किलोच्या पुढे आणि नर ३४-३६ पर्यंत. पहिला फरक केसांचा. गोल्डनच्या पोटाला, पायांना, शेपटीला लांब झालर असते, एक दिवसाआड ब्रश केला नाही तर कानामागे गाठी होतात. लॅबचे केस आखूड म्हणून लोकांना वाटतं की गळणार नाहीत, पण तसं अजिबात नाही, केसांचे दोन थर असतात आणि ते बारीक टोकदार केस सोफ्याच्या कापडात असे घुसून बसतात की झटकून निघत नाहीत.

दुसरा फरक भुकेचा. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना लॅबमध्ये एका जीनमधला दोष सापडला, साधारण चारातल्या एका लॅबमध्ये तो असतो, आणि त्यामुळे पोट भरल्याची जाणीवच नीट होत नाही. हे वाचलं तेव्हा मला आमच्या हिचा भांडं चाटत चाटत ते स्वयंपाकघराच्या या टोकापासून त्या भिंतीपर्यंत ढकलत न्यायचा आवाज आठवला, रोज दोन वेळा तोच आवाज, आणि त्यानंतर दाराशी बसून आमच्याकडे बघणं. त्या नजरेला आम्ही सगळे भुललो, प्रत्येक जण थोडं थोडं देत गेला आणि चौथ्या वर्षी वजन ३८ किलो झालं, जिना चढताना मागचे पाय ओढायला लागली. तेव्हापासून खाणं काट्यावर मोजून देतो आणि दिलं की फ्रीजवरच्या कागदावर खूण करतो. लॅबला हिप डिस्प्लेसिया, म्हणजे खुब्याच्या सांध्याचा त्रास मुळात होऊ शकतो आणि वजन वाढलं की तो फारच बळावतो. घरात आजी-आजोबा लाडाने भरवणारे असतील तर आधी त्यांच्याशी बोलून घ्या, मी हे अगदी गंभीरपणे सांगतेय.

गोल्डन मला थोडा जास्त हळवा वाटतो, नुसता आवाज चढवला तरी कोपऱ्यात जाऊन बसतो. शांत घराला हा उत्तम. पण या जातीत कॅन्सरचं प्रमाण खूप आहे, अमेरिकेत २०१२ पासून ३००० हून जास्त गोल्डनवर एक दीर्घ अभ्यास चाललाय तो मुख्यतः कॅन्सरची कारणं शोधायलाच. घेताना आई-वडिलांचे खुब्याचे रिपोर्ट मागा आणि त्यांच्या घराण्यात कॅन्सर होता का तेही विचारा. आणि दोघांच्याही बाबतीत पहिली दोन वर्षं लक्षात ठेवा. सहसा चावत वगैरे नाहीत, पण २५ किलोचं आडदांड पिल्लू आनंदाने धावत आलं की दोन वर्षांचं मूल आडवं होतंच, आणि शेपटी बरोबर मुलाच्या तोंडाच्या उंचीवर असते.

आता बीगल. १० किलोच्या आसपास, आयुष्य १२ ते १५ वर्षं, लॅबपेक्षा थोडं जास्तच, स्वभावाने खेळकर, मुलांबरोबर मस्त जमतं. आणि एक मोठा फायदा असा की आठ-नऊ वर्षांचं मूल, मोठं माणूस शेजारी असेल तर, बीगलचा पट्टा धरू शकतं, लॅबचा नाही धरू शकत, लॅबने मांजर बघून झेप घेतली की मूल फरफटत जातं. पण बीगल हा सशाच्या वासावर कळपाने धावणारा कुत्रा आहे. ताईचा कुत्रा चालता चालता एकदम थांबतो, नाक जमिनीला टेकतं, लांब कान गवतावर घासायला लागतात, शेपटी ताठ उभी राहते, आणि मग तुम्ही नाव घेऊन कितीही ओरडा, त्याच्यापर्यंत ते पोचतच नाही. हट्टीपणा म्हणून त्याला रागावण्यात अर्थ नाही, त्याला त्याच कामासाठी तर तयार केलंय. त्यामुळे मोकळ्या जागेत पट्टा सोडायचा नाही, आणि घराचं दार उघडं ठेवायची सवय असलेल्या कुटुंबाने बीगल घेऊच नये. शिवाय आवाज. एकटा राहिला की नुसता भुंकत नाही, गळा काढून लांबच लांब रडतो, भिंतीला भिंत लागून घरं असतील तर शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात. सगळे दिवसभर बाहेर असतील तर बीगल नको. लॅबलाही एकटेपणा आवडत नाही पण तो झोपतो, नाहीतर चपला चावतो, बिल्डिंग गोळा करत नाही.

जर्मन शेफर्ड हुशार आणि निष्ठावान आहेच, १८९९ पासून ही जात कामासाठीच पद्धतशीर घडवली गेली, आधी मेंढ्यांसाठी, मग पोलिस आणि सैन्यात. स्वतःच्या घरातल्या मुलांवर जीव टाकतो. प्रश्न येतो तो मुलांचे मित्र आल्यावर, दहा मुलं आरडाओरडा करत धावतायत आणि तो त्यांना अडवायला बघतोय. लहानपणापासून नीट ट्रेनिंग आणि भरपूर लोकांची ओळख करून द्यायला वेळ असेल तर घ्या, पहिलाच कुत्रा असेल तर मी नाही सांगणार. बॉर्डर कॉली, हाही मेंढ्या वळवणारा, तर त्याच्याही पुढे, धावणाऱ्या मुलांच्या टाचांना हलके चावे घेत त्यांना कळपात आणायला बघतो. हस्की बर्फात मैलोन् मैल घसरगाडी ओढायला बनलाय, साधारण कुटुंबासाठी नाहीच.

पग आणि फ्रेंच बुलडॉगबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. स्वभाव इतका गोड की मुलांसाठी याहून बरं काही नाही. पण कुत्रा अंग थंड करतो ते धापा टाकून, आणि यांचं नाकच इतकं चपटं केलंय की श्वास घ्यायलाच कष्ट पडतात. ते घोरणं गोंडस वाटतं पण ती अडलेली हवा असते. नेदरलँड्समध्ये तर फार आखूड नाकाच्या कुत्र्यांचं ब्रीडिंगच बंद केलंय. आणि तरीही अमेरिकन केनेल क्लबच्या लोकप्रिय जातींच्या यादीत ३१ वर्षं पहिला असलेला लॅब २०२२ मध्ये खाली गेला आणि फ्रेंच बुलडॉग वर आला, म्हणजे सगळे घेतात म्हणून चांगला हे धरून चालू नका. या दोन जातींचं पिल्लू विकत घेऊ नका. कोणी सोडून दिलेला मोठा पग सांभाळत असाल तर वजन कमी ठेवा, उन्हात नेऊ नका, गळ्यात पट्टा न घालता हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, वापरा.

छोट्यांमध्ये पॉमेरेनियन २-३ किलोचा, मुलाच्या हातातून निसटला तरी पाय मोडू शकतो, म्हणून मुलं सहा-सात वर्षांची होईपर्यंत थांबा. शिह त्झू जरा दणकट, शांत, व्यायाम कमी लागतो, पण डोळ्यांवरचे केस रोज बघावे लागतात. मिनिएचर पूडलकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात, फार हुशार कुत्रा आहे आणि केस गळणं कमी, फक्त दर दीड महिन्याने ग्रूमिंग लागतं. घरात कोणाला ॲलर्जी असेल तर मात्र कुठल्याच जातीवर विसंबू नका, ॲलर्जी लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे होते, ती सगळ्याच कुत्र्यांत असतात. आणायच्या आधी त्याच कुत्र्यासोबत दोन-तीनदा काही तास घालवून बघा.

आणि शेवटचा पर्याय मिक्स ब्रीड, म्हणजे सरमिसळ जातींचं कुत्रं, तेही मोठं झालेलं. २०२२ मध्ये १८००० हून जास्त कुत्र्यांच्या माहितीवर झालेला एक अभ्यास आला होता, त्यात दोन कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी साधारण ९ टक्केच जातीवरून सांगता आला. बीगलचं नाक बीगलचंच राहतं, पण हा चिडका आहे की सोशिक हे जातीच्या नावावरून फारसं कळत नाही. पिल्लाच्या बाबतीत तो अंदाजच असतो, दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव मात्र समोर दिसतो. घरात अगदी लहान मूल आणि हातात वेळ कमी, अशा कुटुंबाला मी डोळे झाकून हेच सांगते. शेल्टरमध्ये निदान दोनदा जा, मुलाला जमिनीवर बसवा, हात पुढे न करता, आणि कुत्रा स्वतःहून जवळ येतो का ते बघा. आला, हुंगलं, अंग सैल आहे, शेपटी मोकळी हलतेय तर छान. जीभ ओठांवरून फिरवत तोंड वळवत असेल, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत असेल तर तो घाबरलाय, त्याला वेगळं घर शोधू द्या.

पिल्लूच हवं असेल तर ८ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं घेऊ नका, आणि आईला भेटल्याशिवाय तर नकोच. ती अनोळखी माणसाजवळ कशी वागते, पिल्लं घरात माणसांच्या वावरात वाढतायत की मागच्या पिंजऱ्यात, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आम्ही गेलो तेव्हा पहिल्या ठिकाणी आई गावाला पाठवलीय असं सांगितलं, आम्ही तिथूनच परत फिरलो. दुसऱ्या ठिकाणी आई आमच्या मुलाच्या मांडीवर हनुवटी ठेवून पडली, आणि तिची पिल्लं तिच्या अंगावर चढत होती.