रास्पबेरी पायसाठी चार्जर: वॉट नव्हे, पाच व्होल्टवरचे अँपिअर बघा

रास्पबेरी पाय म्हणजे हातात मावणारा छोटा संगणक-बोर्ड. दुकानात ‘पायसाठी चार्जर द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा ६५ वॉटचा फास्ट चार्जर पुढे येतो. आकडा मोठा, पण ते वॉट मिळतात साधारण २० व्होल्टवर आणि पायला हवेत ५ व्होल्ट. चार्जरवरच्या बारीक अक्षरात ‘५ व्होल्ट, ३ अँपिअर’ छापलेलं असेल, तर पायच्या लेखी तो १५ वॉटचाच.

पाय ४ या मॉडेलला एवढं पुरतं. घरात असा लॅपटॉप चार्जर असेल तर नवा घेऊ नका. मात्र सुरुवातीच्या पाय ४ बोर्डांना लॅपटॉपच्या ई-मार्क (आत ओळखीची चिप असलेल्या) केबलवर वीजच मिळत नाही. तिथे मोबाइलची साधी टाइप-सी केबल लावा.

पाय ५ साठी मात्र रास्पबेरी पाय कंपनीचा २७ वॉटचा अडॅप्टरच घ्या. तो ५.१ व्होल्टवर ५ अँपिअर देतो, आणि असा चार्जर बाजारात सहसा सापडत नाही. ३ अँपिअरवर पाय ५ सुरू होतो, पण चारही यूएसबी पोर्टना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर सोडतो. ५ अँपिअरवर १.६ अँपिअर. यूएसबीला एसएसडी लावलीत की फरक कळतो. नुसतं एसडी कार्ड आणि लॅनची वायर असेल, तर ३ अँपिअरवर भागतं.

पाय ३ ला २.५ अँपिअरचा मायक्रो यूएसबी चार्जर लागतो, पण इथे घात करते ती केबल. २८ गेजच्या (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. एक मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन ०.४२. दोन अँपिअर ओढले की ०.८ व्होल्ट वाटेतच गेले आणि बोर्डाला उरले ४.२. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की लगेच पाय स्क्रीनवर विजेचं चिन्ह दाखवून कुरकुरतो. कंपनीचे अडॅप्टर ५.१ व्होल्टचे आणि जाड, जोडलेल्या केबलचे असतात ते यासाठीच. सुटी केबल घ्यायची तर आखूड आणि २० गेजची.

स्क्रीन नसेल तर टर्मिनलवर ‘vcgencmd get_throttled’ ही कमांड चालवा. 0x0 आलं तर ठीक. 0x50000 म्हणजे आत्ता व्होल्टेज बरं आहे, पण मघाशी पडलं होतं.

लाइट जाते म्हणून चार्जर आणि पाय यांच्यामध्ये पॉवर बँक जोडणार असाल, तर थांबा. बऱ्याच पॉवर बँका लाइट येता-जाताना क्षणभर आउटपुट तोडतात. पाय रीबूट होतो आणि एसडी कार्ड खराब होऊ शकतं. त्यापेक्षा अडॅप्टर घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या आणि इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं (लाइट गेल्यावर झटकन बॅटरीवर जाण्याचं) बटण असेल तर ते चालू ठेवा.