मोठ्या पायथॉनसाठी काय घ्यावं: एक ससा, दोन उंदीर की कोंबडा?

पाळलेल्या बॉल पायथॉनचं (आफ्रिकेतला छोटा अजगर) पिल्लू असेपर्यंत हा प्रश्न पडत नाही, छोटा पांढरा उंदीर दिला की काम होतं. साप तीन-चार किलोच्या पुढे गेला, म्हणजे घरात कार्पेट पायथॉनची (ऑस्ट्रेलियाकडचा मोठा अजगर) पूर्ण वाढलेली मादी असली, की एकेका जेवणाला तीन-चारशे ग्रॅम भक्ष्य लागतं आणि डोकं खाजवायची वेळ येते. हे सगळं नोंदणी केलेल्या परदेशी सापांसाठी आहे. आपला अजगर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. कपाशीच्या वावरात निघाला तर वनखात्याला कळवायचं, बाकी काही नाही.

जिवंत भक्ष्याचा पर्याय तुलनेत धरलेला नाही. कोपऱ्यात सापडलेला मोठा उंदीर सापाच्या पाठीचं मांस कुरतडतो, डोळाही फोडतो. करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य म्हणून कोंडणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे व्हिडिओ काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. तसंच शेतातले उंदीर. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत फुकट मिळतात, पण झिंक फॉस्फाईड किंवा ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर बाहेरून ओळखू येत नाही. विषाचा उंदीर गिळलेल्या सापाला वाचवणं फार अवघड.

कोंबडी सगळ्यात सहज मिळते. नवापूर पट्टा पोल्ट्रीचाच, त्यामुळे तीन-चारशे ग्रॅमचा अख्खा कोंबडा मिळवायला फार फिरावं लागत नाही. पण अख्खाच हवा. दुकानातून साफ करून आणलेल्या चिकनमध्ये काळीज नाही म्हणजे जीवनसत्त्व अ नाही, आणि नुसत्या मांसाच्या तुकड्यांत हाड नाही म्हणजे कॅल्शियम नाही. तशा खाण्यावर साप काही महिने ठणठणीत दिसतो, मग खंगत जातो. अख्ख्या पक्ष्यावर साप जगतो, फक्त विष्ठा पातळ पडते आणि वास अख्ख्या खोलीत भरतो. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू गोठवून मरत नाही, तेव्हा हात आणि चिमटा साबणाने धुणं आलंच. दुसरी अडचण पुरवठ्याची. 2006 साली देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरातच निघाला, 2021 मध्ये पुन्हा आला. असं झालं की पक्ष्यांची वाहतूक थांबते, आणि साथीच्या काळात पक्षी फ्रीझरमध्ये साठवणंही बरं नव्हे, कारण थंडीत विषाणू टिकतो. लाव्ह्याचंही थोड्याफार फरकाने हेच, शिवाय दीड-दोनशे ग्रॅमचा पक्षी पिसांमुळे दिसतो तेवढा भरत नाही.

खरी निवड ससा आणि उंदीर यांच्यातच आहे.

सशाच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. मांस उंदरापेक्षा कमी चरबीचं, आणि पाचशे ग्रॅमचं पिल्लू चार-पाच आठवड्यांत तयार होतं. एकदा दिलं की महिनाभर बघायला नको. किलोमागे हिशेब केला तर बहुतेक वेळा ससाच स्वस्त पडतो. स्वतः पाळायचे म्हणाल तर मादी तीस-एकतीस दिवसांत विते, एका वेताला सहा-आठ पिल्लं. मात्र सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून सोडतो. जळगाव-भुसावळचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की नर काही आठवडे निकामी होतो आणि माद्या गाभण राहत नाहीत. म्हणजे एप्रिल ते जूनची सोय आधीच फ्रीझरमध्ये हवी.

आणि तिथेच माझं मन सशावरून उडालं. गोठवलेला ससा नीट सुटत नाही, म्हणजे त्याचा बर्फ सगळीकडून एका वेळी जात नाही. सशाच्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी एक भलीमोठी पिशवी असते, तिच्यात चारा आंबत असतो. मारण्याआधी रात्रभर चारा काढून घेतला तरी ती रिकामी होत नाही. ससा बाहेर ठेवला तर पोटाकडची बाजू आधी मऊ पडते आणि मांड्यांच्या मध्ये, पाठीच्या कण्याशी बर्फ तसाच राहतो. तो वितळेपर्यंत पोट हिरवट होऊन फुगलेलं असतं. असा ससा सापाने उलटून टाकला तर त्याला किमान दोन आठवडे उपाशी ठेवावं लागतं, आणि पुढचं भक्ष्य नेहमीच्या निम्म्या आकाराचं. पोटात बर्फ राहिलेला ससा दिला तरी गत तीच.

उपाय आहे, पण वेळ खातो. पाचशे ग्रॅमचा ससा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चोवीस तास, मोठा असेल तर छत्तीस. मधे एकदा बाजू पालटायची. आणि तेवढ्यात लाईट गेली तर? इन्व्हर्टरवर पंखे-दिवे चालतात, फ्रीज बहुधा नाही. शिवाय घरातल्या फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी दीड दिवस ससा ठेवू देणारी माणसं भाग्याने मिळतात.

उंदराचं तसं नाही. दोनशे ग्रॅमचा उंदीर घट्ट पिशवीत घालून संध्याकाळी फ्रीजमध्ये ठेवला की सकाळी मऊ. पोट दोन बोटांत दाबून पाहायचं, आत कडक गोळा लागला तर अजून बर्फ आहे. मग पिशवीसकट पंचेचाळीस अंशाच्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं. (मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणीच जवळपास तेवढं तापलेलं असतं, गॅस पेटवावा लागत नाही.) मायक्रोवेव्ह नको, पोट फुटतं. बाहेर काढून कोरडा करायचा आणि डोक्याकडची बाजू हाताला कोमट लागतेय ना बघायचं, साप तिकडूनच धरतो.

चार किलोच्या सापाला एका जेवणाला असे दोन उंदीर, तीन-चार आठवड्यांनी एकदा. पहिला गळ्यापर्यंत उतरला की दुसरा लांब चिमट्याने समोर धरायचा. या वेळी साप तापलेला असतो, हात आत घालू नये. मोठे, चारशे ग्रॅमचे थोराड नर टाळावेत, नुसती चरबी. दीडशे ते अडीचशे ग्रॅमचेच मागवावेत. उंदीर किलोमागे महाग पडतो हे खरं, आणि पुण्या-मुंबईहून ट्रॅव्हल्सने थर्माकोलच्या पेटीत मागवायचा तर दिवाळी ते होळी या थंडीतच. उन्हाळ्यात पेटी पाझरत येते.

साठा फ्रीझरमध्ये उणे अठरावर सहा महिने ठीक राहतो. मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात, लाईट गेली तरी थंडावा टिकतो. वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवायचं. गावाहून परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलेलं आहे, तो साठा टाकून द्यायचा. भारनियमनाच्या दिवसांत यावर भरवसा ठेवता येतो.

दहा-बारा किलोचा साप असेल, किंवा साप आधीच लठ्ठ झालेला असून चरबी उतरवायची असेल, तर ससा घ्या, माझी हरकत नाही. स्वतंत्र फ्रीज असेल तर सशाची निम्मी कटकट तिथेच मिटते. बाकीच्यांनी, मला विचाराल तर, उंदरांचे थोडे जास्त पैसे मोजावेत.

कोणतंही भक्ष्य घेतलं तरी जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाइतकीच असावी. मे महिन्यात खोली पस्तीसच्या पुढे जात असेल तर खाणं निम्मं करावं किंवा पुढे ढकलावं, कारण त्या उष्णतेत साप भक्ष्य उलटून टाकण्याची शक्यता असते. खाऊ घातल्यावर दोन-तीन दिवस साप हातात घेऊ नये.

साप कोंबडीवर पक्का बसलेला असेल तर उंदराकडे वळवायला थोडी चिकाटी लागते. उंदीर साबणाशिवाय धुवून कोरडा करायचा, त्यावर कोंबडीची कातडी नाकापासून खांद्यापर्यंत चोळायची आणि अंधार पडल्यावर द्यायचा. नाकारला तर तासाभराने उचलून टाकायचा, पुन्हा गोठवायचा नाही. दहा-बारा दिवसांनी परत. धडधाकट मोठा साप तेवढे दिवस सहज काढतो, आपणच आधी घाबरून चिकन आणायला निघतो.