आंतरराष्ट्रीय करार वाचायची चार संकेतस्थळे : खान्देशातल्या प्रश्नांवर घासून पाहिलेली

कापसाचा भाव पडला की जळगाव-धुळ्याच्या मार्केट यार्डात एक वाक्य हमखास ऐकू येते : दिल्लीने परदेशात सही केली आणि आपले हात बांधले गेले. हात खरेच बांधले गेले का, कुठल्या कलमाने, आणि बांधून घेताना देशाने स्वतःसाठी काय राखून ठेवले, हे तपासायची सोय चार संकेतस्थळांवर आहे. लॉगिन नाही, फी नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक, तालुका कोर्टातले वकील, विधी महाविद्यालयांतले विद्यार्थी आणि गावोगावचे वार्ताहर यांच्या कामाला ती किती येतात, एवढ्यापुरतेच हे परीक्षण.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी लागते, नाहीतर चारही ठिकाणी गोंधळ होतो. सहीने मसुदा मान्य होतो. देश बांधला जातो तो बहुतेक करारांत अनुसमर्थनाने, म्हणजे सहीनंतर दिलेल्या अंतिम मान्यतेने. आपल्याकडे अनुसमर्थनाला संसदेची मंजुरी लागत नाही. केंद्र सरकारच्या १९६१ च्या कामकाज नियमांप्रमाणे विषय मंत्रिमंडळापुढे जातो, तिथे मान्य झाला की राष्ट्रपतींच्या नावाने पत्र निघते आणि करार सांभाळणाऱ्या संस्थेकडे जमा होते. संसद लागते ती मुख्यतः दोन ठिकाणी. करारासाठी देशातला कायदा बदलायचा असेल तर कलम २५३ खाली संसद कायदा करते, अगदी शेतीसारख्या राज्यसूचीतल्या विषयावरही. आणि देशाची जमीन द्यायची असेल तर घटनादुरुस्तीच लागते, हे बेरूबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली सांगितले. बाकी सगळे त्या पत्रात काय लिहिले यावर अवलंबून असते. राखीव अट, म्हणजे अमुक कलम आपल्याला लागू नाही असे लिहून देणे. ती घालायची वेळ म्हणजे सही, अनुसमर्थन किंवा नंतरचा प्रवेश. करार कसे करायचे याचे नियम घालून देणाऱ्या व्हिएन्ना कन्व्हेन्शनचे कलम १९ हेच सांगते. भारत त्या कन्व्हेन्शनचा सदस्य नसला तरी व्यवहार त्याच रीतीने चालतो. पत्र एकदा जमा झाले की नंतर आठवलेली अट घुसवणे जवळजवळ अशक्य.

पहिले संकेतस्थळ संयुक्त राष्ट्रांचे ट्रीटी कलेक्शन. चारांत सर्वांत उपयोगी हेच. मुखपृष्ठावरच्या शोधपेटीच्या नादी लागू नये; तिथे नाव टाकले की मूळ करार, दुरुस्त्या, जोडकरार असे सगळे एकदम अंगावर येते. त्यापेक्षा महासचिवांकडे जमा झालेल्या बहुपक्षीय करारांची यादी उघडावी आणि प्रकरणावरून जावे. प्रकरण ४ मानवी हक्क, प्रकरण २७ पर्यावरण. प्रकरणात करार क्रमाने आहेत. करार उघडला की देशांचा तक्ता येतो : एका रकान्यात सहीची तारीख, दुसऱ्यात अनुसमर्थनाची.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, सहीचा रकाना रिकामा दिसला की ‘भारताने सहीच केलेली नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. नागरी व राजकीय हक्कांच्या करारात भारतापुढे सही नाही, दुसऱ्या रकान्यात १० एप्रिल १९७९ आणि पुढे रोमन लिपीतला लहान ‘ए’ आहे. लहान ‘ए’ म्हणजे सही न करता थेट प्रवेश. बांधिलकी पूर्ण आहे. मोठा ‘ए’ आला तर अर्थ वेगळा, तो स्वीकृतीचा. परिणाम तोच, पण मार्ग निराळा. दुसरी चूक याच्या उलट. छळविरोधी करारात भारताची १९९७ ची सही दिसते, पुढचा रकाना कोरा आहे. म्हणजे देश अजून बांधलेला नाही. कोर्टात ‘भारताने सही केलेला करार’ म्हणून तो दाखवला तर समोरचा वकील एका ओळीत उत्तर देतो.

खरा माल तक्त्याच्या खाली आहे, आणि बहुतेक लोक तिथवर पोचतच नाहीत. तक्ता संपला की प्रत्येक देशाची घोषणापत्रे (कलमाचा आपण काय अर्थ लावतो ते सांगणारी) आणि राखीव अटी शब्दशः छापलेल्या असतात, त्याखाली इतर देशांच्या हरकती. नागरी व राजकीय हक्कांच्या करारातली भारताची नोंद जरूर वाचावी. कलम १ मधला स्वयंनिर्णयाचा हक्क परकीय सत्तेखालच्या लोकांनाच लागू आहे. सार्वभौम स्वतंत्र राष्ट्रांना, किंवा राष्ट्राच्या एखाद्या घटकाला नाही, असे भारताने लिहून ठेवले आहे. खाली उतरले की फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्या हरकती दिसतात. हरकती आल्या म्हणून भारताने घोषणापत्र मागे घेतलेले नाही. सार्वभौमत्व राखणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे समजून घ्यायला या एका पानाइतकी चांगली जागा नाही.

त्याच नोंदीत कलम ९ बद्दलही एक वाक्य आहे : बेकायदा अटक झालेल्याला भरपाईचा हक्क भारतीय कायद्यात नाही. हे वाक्य अजून पानावर आहे, पण १९८३ च्या रुदुल साह प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालय अशी भरपाई देत आले आहे. घोषणापत्र बाहेरच्या देशांपुढे ढाल असते, आपल्या न्यायालयांपुढे नाही. संकेतस्थळावर हे कळायला मार्ग नाही, म्हणून तिथली नोंद देशातल्या निकालांशी ताडून पाहिल्याशिवाय युक्तिवादात वापरू नये.

वंशसंहारविरोधी करारात भारताची खरी राखीव अट आहे : आंतरराष्ट्रीय न्यायालयात जायचे तर सर्व पक्षांची संमती हवी. बालहक्क करारात कलम ३२ बाबत घोषणापत्र आहे, की प्रत्येक व्यवसायासाठी किमान वय लगेच ठरवणे शक्य नाही, टप्प्याटप्प्याने करू. ते १९९२ चे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे १३८ आणि १८२ क्रमांकाचे बालमजुरीचे करार भारताने २०१७ साली स्वीकारले. जुनी नोंद मात्र पानावर तशीच आहे. तारीख पाहिल्याशिवाय ‘भारताची आजची भूमिका’ म्हणून ती उतरवू नये.

पण जैवविविधता करार उघडला की राखीव अटींचा भाग शोधून सापडत नाही. संकेतस्थळाचा दोष नव्हे. त्या कराराचे कलम ३७ राखीव अटींना मनाईच करते. जैविक संसाधनांच्या लाभवाटपाचा नागोया प्रोटोकॉल आणि हवामानबदलाचा पॅरिस करारही तसेच. अशा करारात देशाचे हित राखायच्या जागा दोनच उरतात : वाटाघाटीतला मसुदा, आणि नंतरचा देशातला कायदा.

हे सगळ्यांत ठळक दिसते ते दुसऱ्या संकेतस्थळावर, जागतिक व्यापार संघटनेच्या. कायदेशीर मजकूर नीट लावलेले आहेत, कलमनिहाय उघडतात, इंग्रजी सरळ आहे. इथेही राखीव अट चालत नाही. बियाण्याचा प्रश्न असेल तर ट्रिप्सचे, म्हणजे बौद्धिक संपदेच्या कराराचे, कलम २७ उघडून तिसऱ्या पोटकलमातला ‘ब’ भाग वाचावा. वनस्पतींच्या वाणांना संरक्षण द्या, पेटंटने द्या किंवा स्वतःच्या परिणामकारक पद्धतीने द्या, असे तिथे आहे. ‘स्वतःच्या पद्धतीने’ हे शब्द मसुद्यात राहिले म्हणून भारताला २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा करता आला. त्याच्या कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बियाणे राखता, पेरता, देता-घेता, विकता येते. ब्रँड लावून मात्र विकता येत नाही. कंपनीने सांगितले तसे पीक आले नाही तर भरपाई मागायची सोयही त्याच कलमात. कलम ४४ प्रमाणे शेतकऱ्याला या कायद्याखालच्या कामकाजाची फी नाही. २०१९ साली पेप्सिकोने गुजरातच्या बटाटा उत्पादकांवर दावे लावले आणि महिनाभरात मागे घेतले, तेव्हा वादाच्या मध्यभागी कलम ३९ होते. त्या वाणाची नोंदणी याच कायद्याखालच्या प्राधिकरणाने २०२१ मध्ये रद्द केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा कायम केली. शेतकऱ्याचे कलम ३९ जसेच्या तसे आहे. चोपडा-शिरपूरच्या शेतकऱ्याला करारापेक्षा हा कायदा जास्त ठाऊक हवा, आणि व्यापार संघटनेच्या संकेतस्थळावर त्याचा दुवा सहज सापडत नाही. तो इंडिया कोड या सरकारी कायद्यांच्या संकेतस्थळावर वेगळा शोधावा लागतो.

आयात शुल्क पाहायचे असेल तर भारताचे सवलतपत्रक क्रमांक १२ शोधावे. त्यात असतो तो बांधील दर, म्हणजे कमाल मर्यादा. प्रत्यक्ष लागणारा दर अर्थ मंत्रालयाची अधिसूचना ठरवते. कापसावर २०२१ साली एकूण ११ टक्के शुल्क लागू झाले. ते १९ ऑगस्ट २०२५ पासून शून्य झाले आणि सवलत पुढे डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत वाढली. हे दोन्ही निर्णय दिल्लीतल्या अधिसूचनांनी झाले, कुठल्याही कराराने शून्य करायला लावले नव्हते. बांधील दर लागू दराच्या बराच वर आहे, म्हणजे वाढवायला जागा होती आणि आहे. यार्डातल्या त्या वाक्याचा निकाल इथे लागतो. निवेदन द्यायचे तर जिनिव्हातल्या व्यापार संघटनेच्या नावाने नाही, अर्थ आणि वस्त्रोद्योग मंत्रालयाला द्यायला हवे. सवलतपत्रकाची रचना मात्र नवख्याला छळते. आधी कापसाचा ५२०१ हा कोड हाताशी ठेवावा, शब्दाने शोधू नये. शब्दाने सूत, सरकी, कापड सगळे येते.

तिसरे, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे नॉर्मलेक्स. देश निवडला की स्वीकारलेले करार एका पानावर, न स्वीकारलेले दुसऱ्या यादीत. इतकी स्वच्छ मांडणी बाकी तिघांत नाही. नंदुरबार जिल्ह्यात काम करणाऱ्यांसाठी यातली एक नोंद फार महत्त्वाची आहे. आदिवासींच्या हक्कांबद्दल भाषणांत, निवेदनांत करार क्रमांक १६९ चा उल्लेख होतो. भारताने तो स्वीकारलेला नाही. भारताने १९५८ साली स्वीकारलेला करार १०७ आहे. त्याचे कलम १२ सांगते की हटवलेल्यांना निदान पूर्वीच्या तोडीची जमीन मिळाली पाहिजे. सरदार सरोवराने अक्कलकुवा-अक्राणीची गावे बुडाली त्या प्रकरणात, नर्मदा बचाओ आंदोलनाच्या २००० सालच्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने याच १०७ चा विचार केला. १६९ आल्यानंतर १०७ नव्या देशांसाठी बंद झाला, पण भारतावरची बांधिलकी संपलेली नाही. निवेदनात आकडा चुकला की अधिकाऱ्याला ते बाजूला ठेवायला निमित्त मिळते, म्हणून हे पान छापून फाइलला लावावे.

चौथे, आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा भारतीय करारसंग्रह. असायला हवा होता सर्वांत उपयोगी, तसा नाही. द्विपक्षीय करारांसाठी तो लागतोच, कारण ते संयुक्त राष्ट्रांच्या मालिकेत यायला वर्षे जातात. देश आणि वर्ष टाकून शोधले की काम होते. विषयाने शोधले की निकाल विखुरतात. जुने करार स्कॅन केलेले आहेत, त्यात शब्द शोधता येत नाही, आणि मोबाइलवर वाचणे कठीणच. करार उघडला की सर्वांत आधी शेवटचे पान पाहावे. तिथे अंमल कधीपासून, रद्द करायची नोटीस किती महिन्यांची, आणि हिंदी, इंग्रजी व तिसऱ्या भाषेच्या मजकुरात फरक पडला तर कुठला ग्राह्य, हे असते. बहुधा इंग्रजी. म्हणून हिंदी प्रत वाचून थांबू नये.

बांगलादेशाबरोबरचा सीमा करार इथे उदाहरण म्हणून वाचावा. करार १९७४ चा, प्रोटोकॉल २०११ चा, आणि अनुसमर्थनाची पत्रे बदलली गेली ६ जून २०१५ ला, शंभराव्या घटनादुरुस्तीनंतर. जमिनीच्या बाबतीत घटनेने घातलेले कुलूप किती भक्कम आहे ते या तारखांवरून कळते. व्यापार करारांना असे कुलूप नाही, आणि ते असावे. निदान अनुसमर्थनाआधी मजकूर संसदेच्या पटलावर ठरावीक दिवस राहावा. घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ सालीच करार करण्याच्या अधिकारावर संसदेने कायदा करावा असे सुचवले होते. तो झालेला नाही, आणि चारही संकेतस्थळांची सर्वांत मोठी उणीव यातूनच येते : सगळे दिसते ते पत्र जमा झाल्यावर.

मराठी तर कुठेच नाही. संयुक्त राष्ट्रांचे संकेतस्थळ इंग्रजी-फ्रेंच, मंत्रालयाचे हिंदी-इंग्रजी. शेतीवर परिणाम करणारा करार शेतकऱ्याच्या भाषेत मिळू नये, हे खटकण्यापलीकडचे आहे.

वाटाघाटी सुरू असलेल्या कराराचा मसुदा माहिती अधिकारात मागितला तर कलम ८(१)(क), म्हणजे इंग्रजीतले ८(१)(ए), पुढे केले जाते, कारण परराष्ट्र संबंध त्या अपवादात येतात. दहा रुपयांचा अर्ज वाया जातो असे नाही. मसुदा न मागता ‘या कराराबाबत कुठल्या राज्य सरकारांचे मत मागवले, कोणत्या तारखेला’ असे विचारावे; तारखा आणि पत्रव्यवहाराची यादी नाकारणे अवघड जाते. त्याहून चांगला मार्ग लोकसभेतला प्रश्न. जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार या चारही मतदारसंघांच्या खासदारांकडे तो देता येतो. प्रश्नासाठी किमान पंधरा दिवसांची नोटीस लागते, म्हणून अधिवेशनाच्या महिनाभर आधी मसुदा पोचवावा. त्यात करार, कलम आणि पीक ही तिन्ही नावे लिहावीत. नुसते ‘शेतकऱ्यांच्या हिताचे काय’ असे विचारले की उत्तरही तेवढेच मोघम येते.