घड्याळ, पट्टा की नऊ प्रश्न?

"बाबा आताशा बोलतच नाहीत. एचआरव्ही दाखवणारं घड्याळ घेऊन देऊ का?" कापसाचे पैसे हाती आल्यावर यंदा गावातल्या दोघांनी मला हे विचारलं. एचआरव्ही या आकड्यावरून बाबांना डिप्रेशन आहे का ते कळेल, असं त्यांना वाटत होतं. दोघांनाही जे सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा आणि सावकाश श्वास घ्या. श्वास आत घेताना ठोके जरा भरभर पडतात, सोडताना लांबतात. नाडी मिनिटाला ६० असली तरी दोन ठोक्यांमधलं अंतर कधी ९४० मिलिसेकंद असतं, तर कधी १०६०. हा कमी-जास्तपणा म्हणजे हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, एचआरव्ही. मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस नस लगाम ओढते, सैल सोडते, त्यातून तो येतो.

मनाशी त्याचा संबंध खरा आहे. केम्प आणि सहकाऱ्यांनी २०१० साली आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले. हृदयविकार नसलेल्या डिप्रेशनच्या रुग्णांतही एचआरव्ही कमी निघाला, आणि आजार जितका तीव्र तितका आकडा खाली. पण ही गटांची सरासरी आहे. ठणठणीत माणसाचा आकडाही कमी असू शकतो. वयानं तो घटतो, मधुमेहानं घटतो, डिप्रेशनवरच्या काही जुन्या गोळ्यांनीही घटतो.

घड्याळ त्वचेवर उजेड टाकून रक्ताची लाट मोजतं. स्वस्थ झोपेत ते बरं चालतं, हात हलला की चुकतं. आता आपल्याकडची झोप बघा. रोही-डुकरांमुळे बाबा जागलीला वावरात, नाहीतर रात्रीची लाईन आली म्हणून ओलिताला. अशा रात्रीचा आकडा काय सांगणार? शिवाय अॅपलचं घड्याळ एसडीएनएन नावाचं माप देतं, फिटबिट आणि गार्मिन आरएमएसएसडी हे वेगळं माप. शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला ताडून उगाच घाबरू नका.

छातीचा पट्टा ईसीजीसारखे विजेचे संकेत पकडतो, म्हणून जास्त अचूक. पट्टी पाण्यानं ओली करायची, उठल्या-उठल्या ५ मिनिटं शांत पडायचं. मी हरभऱ्याच्या हंगामात महिनाभर हे केलं. जागलीनंतर आकडा पडायचा, खर्रा जास्त झाला की पडायचा. मन मात्र त्या महिन्यात चांगलं होतं. पट्ट्याचा खरा फायदा झाला तो मिनिटाला साधारण ६ संथ श्वासांचा सराव करताना, कारण आकडा वर चढताना डोळ्यांना दिसतो. त्यासाठी घ्यायचा तर स्वतःसाठी घ्या.

फवारणीच्या दिवसांत घड्याळ आणि पट्टा, दोन्ही काढून ठेवा. व्हेगस नस हृदयाशी अॅसिटिलकोलिन या रसायनातून बोलते, आणि ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं नेमकी त्याचीच मोडणी अडवतात. मळमळ, घाम, अंधुक दिसणं असं काही झालं तर आकडा बघत बसू नका, दवाखाना गाठा. २०१७ ची यवतमाळची फवारणीतली विषबाधा आपण विसरलेलो नाही.

तिसरा पर्याय फुकट आहे: पीएचक्यू-९, म्हणजे डिप्रेशन ओळखायची प्रश्नावली. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, गुण ० ते २७, आणि १० किंवा जास्त आले की डॉक्टरकडे जायचं. बाबा "उदास वाटते" म्हणणार नाहीत. ते म्हणतील डोकं जड आहे, करमत नाही, जेवण जात नाही. म्हणून कागद पुढे धरून विचारू नका. बांधावर भाकर खाताना विचारा, "बाबा, पंधरा दिवसांत झोप कशी लागून राहिली?" अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पानं गावातलेच कार्यकर्ते तयार केले. डिप्रेशन असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षानं २७.२ टक्के झाले. त्यासाठी कुणाच्या मनगटावर घड्याळ बांधावं लागलं नाही.

म्हणून माझा कौल नऊ प्रश्नांना. घड्याळ घरात असेलच तर महिन्याचा कल बघा, एका दिवसाचा आकडा नको. त्यांची झोप उडाल्याचं तरी कळेल, आणि बोलायला निमित्त मिळेल.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तो गाळू नका. विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर "कधीच नाही" सोडून काहीही आलं तर त्या रात्री त्यांना एकटं जागलीला पाठवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फिरवा, तिथे मराठीत बोलता येतं. आणि फवारणीचं औषध घराबाहेर कुलपात ठेवून किल्ली मायजवळ द्या.