जेवणाच्या टेबलावरचा दिवा: रोवळी, पितळी पातेलं की काचेची बरणी?

जुन्या वस्तूंपासून टांगता दिवा करायचा म्हटलं की गाडी शेडपाशी अडते. पुण्यात तरी बहुतेकांचं मन तीन गोष्टींत घुटमळतं: माळ्यावरची बांबूची रोवळी किंवा टोपली, जुन्या बाजारातलं पितळी पातेलं आणि स्वयंपाकघरातली रिकामी बरणी. फोटोत तिन्ही छान दिसतात. टांगल्यावर मात्र तिघांचा उजेड इतका वेगळा पडतो की रूप बघून नव्हे, उजेड बघून निवड करावी, असं माझं ठाम मत आहे.

त्याआधी एक अट. जुनी असावी ती फक्त शेड. होल्डर, वायर, सीलिंग रोज (छताशी वायर जोडायची गोल डबी) नवे आणि आयएसआय मार्कचेच घ्या. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सगळं एका फेरीत मिळतं. जुन्या झुंबराची कापडी आवरणाची वायर देखणी असते, पण आतलं रबर वाळलेलं असतं आणि वाकवलं की तडकतं. २३० व्होल्टशी खेळ नको.

टेबलासाठी माझी पहिली पसंती पातेल्याला. उलटं टांगलं की उजेड इकडेतिकडे न सांडता थेट ताटात पडतो आणि समोर बसलेल्याच्या डोळ्यांवर येत नाही. ताटात कोशिंबिरीचा रंग दिसावा, आमटीतली कोथिंबीर दिसावी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इथे कल्हईचा मोठा फरक पडतो. आतून उघडं पितळ उजेडाला पिवळी झाक देतं. कल्हई असेल तर तोच बल्ब पांढरा, स्वच्छ आणि जास्त उजेड खाली टाकतो. म्हणून पातेलं घेताना बाहेरची चकाकी नंतर बघा, आधी आत डोकावा. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पोचे चालतील, काठाला चीर नको. चाळण मिळाली तर भिंतीवर ठिपक्यांची नक्षी उमटते, पण टेबलावरचा उजेड कमी होतो. ती कोपऱ्यातल्या दिव्याला शोभेल.

पितळेची खरी अडचण आहे अर्थिंगची. भांडं धातूचं, त्यामुळे आत वायर सुटली तर अख्ख्या शेडमध्ये वीज उतरू शकते. तीन कोरची, म्हणजे आत तीन तारा असलेली वायर घ्यायची आणि हिरवी तार भांड्याला पक्क्या स्क्रूने जोडायची. जुन्या इमारतींत पुष्कळदा छतातल्या पॉइंटला दोनच वायरी आलेल्या असतात. तसं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग ओढून घ्या, नाहीतर पितळेचा विचार सोडा. दुसरी गोष्ट वजनाची. जड पातेल्याचा भार वायरवर टाकू नका. छताला हूक आणि त्याला साखळी हवी, वायर तिच्याशेजारून सैल सोडायची. मधलं भोक घरी पाडण्यापेक्षा तांबट आळीतल्या भांडी घडवणाऱ्यांना विचारून बघा. भोकाच्या धारेने वायर सोलली जाऊ नये म्हणून रबरी ग्रोमेट (भोकाच्या काठावर बसणारी कडी) बसवायचंच.

रोवळीचं बरोबर उलटं. हलकी, वीज न वाहणारी, बुडाची वीण जरा सरकवली की होल्डरची मान आत जाते. भाड्याच्या घरात हीच लावा. घर बदलताना काढून नेता येते. उजेड मात्र विणीतून चहूकडे पसरतो. साधा दुधी बल्ब लावला तर मऊ, पारदर्शक काचेचा फिलामेंट एलईडी लावला तर छतावर विणीची रेघ न् रेघ उठून दिसते. बैठकीच्या खोलीत हे सुरेख, जेवताना ताटावर पडलेल्या जाळीचा त्रास होतो. बल्ब एलईडीच हवा. ९ वॅटचा एलईडी साधारण जुन्या ६० वॅटच्या बल्बइतका उजेड देतो आणि खूप कमी तापतो. जुना पिवळा बल्ब वाळक्या बांबूजवळ नकोच. घेताना रोवळी वर्तमानपत्रावर आपटून बघा. बारीक पिवळसर पीठ पडलं तर आत भुंगेरा आहे, ती घरात आणू नका. आणि टेबल गॅसच्या जवळ असेल तर फोडणीचा तेलकट थर विणीत असा बसतो की नीट निघत नाही. पितळ मात्र चिंच-मीठ लावलं की पुन्हा लख्ख.

बरणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बल्ब सरळ डोळ्यांत येतो, टेबलाला उजेड असा पुरत नाही. झाकण घट्ट बंद असेल तर उष्णता वर चढून बल्बच्या मानेशी कोंडते; एलईडीचं सर्किट नेमकं तिथेच असतं, त्यामुळे बल्ब लवकर जातो. झाकणाला हवेसाठी भोकं पाडा, आणि झाकण पत्र्याचं असेल तर अर्थिंगचा नियम त्यालाही लागू. बाटली कापायला जाऊ नका. रॉकेलचा दोरा पेटवून काच तोडायची युक्ती सगळीकडे सांगतात, पण चीर वाकडी जाते आणि धार हाताला लागते. बरणी पॅसेजमधल्या मंद दिव्यापुरती ठेवा.

तेव्हा छतात अर्थिंग असेल, घर स्वतःचं असेल तर पातेलं. नसेल तर रोवळी, पण घट्ट विणीची आणि खोलगट, म्हणजे उजेड बराचसा खालीच राहतो. दोन्हींचा काठ टेबलाच्या पृष्ठभागापासून ७० ते ८० सेंमी वर ठेवा आणि बल्ब ३००० केल्विनच्या आसपासचा, म्हणजे उबदार उजेडाचा घ्या. ६५०० चा निळसर पांढरा उजेड जेवणावर बरा दिसत नाही. जोडणी करताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, जुन्या वायरिंगमध्ये ते कधीकधी न्यूट्रलवर असतं, म्हणजे बटण बंद असूनही होल्डरपर्यंत वीज येतच राहते. मीटरजवळच्या पेटीतला एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडा, टेस्टर लावून बघा, मगच छताला हात लावा.