सोसायटीतील झाडांची तपासणी करून घेतली: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मुंबईच्या पूर्व उपनगरातील आमची सोसायटी 1981 सालची आहे. आवारात एकूण 23 झाडे आहेत: तीन रेन ट्री, दोन गुलमोहर, नऊ नारळ, पाच उंच वाढणारे अशोक, दोन आंबे, एक कडुनिंब आणि एक जांभूळ. गेल्या मार्चमध्ये आम्ही या सर्वांची तपासणी एका खासगी वृक्षतज्ज्ञांकडून करून घेतली. खर्च 21 हजार रुपये आला. सर्वसाधारण सभेत त्यावरून बरीच वादावादी झाली, कारण मागच्या गेटजवळचा झुकलेला रेन ट्री धोकादायक आहे हे सर्वांना दिसतच होते आणि तेवढा एक तोडून टाकला की प्रश्न मिटला, असे बहुसंख्य सभासदांचे मत होते. सचिव या नात्याने माझेही मत तेच होते, हे प्रथमच सांगून टाकतो.

तपासणीला पूर्ण दिवस लागला. वृक्षतज्ज्ञांनी सुरुवात झाडाच्या शेंड्याकडे पाहून नव्हे, तर बुंध्याशी उकिडवे बसून केली. गेटजवळच्या रेन ट्रीचे खोड झुकलेले असले तरी वरचा भाग पुन्हा सरळ वर गेला आहे, याचा अर्थ ते झुकणे अनेक वर्षांत हळूहळू झाले असून झाडाने स्वतःला सावरले आहे, असे त्यांनी दाखवून दिले. झुकाव नुकता झालेला असता, तर विरुद्ध बाजूची माती उचलली गेली असती किंवा तिला भेगा पडल्या असत्या. त्यानंतर त्यांनी सुईसारख्या बारीक ड्रिलने लाकूड किती विरोध करते ते मोजले. या यंत्राचा आलेख ईसीजीच्या पट्टीसारखा निघतो. खोडाची त्रिज्या 40 सेंटिमीटर होती आणि रेषा 19 सेंटिमीटरनंतर खाली आली. म्हणजे आत पोकळी आहे, पण भोवतालचे निरोगी लाकूड पुरेसे जाड आहे. ही जाडी त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांशापेक्षा कमी झाली की काळजीचे कारण समजतात.

खरा धोका निघाला तो मुलांच्या खेळण्याच्या जागेवरील गुलमोहरात. मेमध्ये तो असा फुलतो की त्याच्याविषयी शंका घेण्याचे कुणाच्या मनातही आले नव्हते. लाकडी हातोडीने ठोकत गेल्यावर एका बाजूला आवाज बदलला आणि भरीव ‘टक टक’ जाऊन पिंपावर थाप मारावी तसा ‘ढब ढब’ आवाज येऊ लागला. खोडाला घट्ट चिकटवून बसवलेले दोन पेव्हर ब्लॉक काढल्यावर स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. त्या बाजूला 28 सेंटिमीटर त्रिज्येच्या खोडात जेमतेम 6 सेंटिमीटर चांगले लाकूड उरले होते. आमच्या वॉचमनने तेव्हा सहज सांगितले की तिथे दर पावसाळ्यात एक तपकिरी, कडेला पांढरी, लाकडासारखी कडक छत्री उगवते आणि घाण दिसते म्हणून तो ती लाथेने पाडून टाकतो. मुळे कुजवणाऱ्या बुरशीची ती खूण होती आणि आम्ही ती दरवर्षी साफसफाई म्हणून नष्ट करत होतो.

झाड खासगी आवारात असले तरी 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. या अर्जासोबत तपासणीचा अहवाल, छायाचित्रे आणि तो आलेख जोडता आला, हा मोठा फायदा झाला. मात्र एका गोष्टीची कल्पना अहवालाने आम्हाला दिली नव्हती. 2021 च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. आमच्या आवारात चार रोपांना जागा होती. उरलेल्यांसाठी जवळच्या शाळेचे मैदान शोधण्यात आणि तिथे पाण्याची सोय करण्यात दोन महिने गेले. गुलमोहर मेअखेरीस उतरवला. बुंध्याच्या कापावर पोकळी जिथे सांगितली होती तिथेच होती, आणि सभेत या खर्चावरून भांडलेल्या एका काकांनी तिच्यात आपली छत्री खुपसून पाहिली.

छाटणीच्या कामाचा अनुभव मात्र चांगला नव्हता. अहवालात प्रत्येक फांदी कुठून कापायची ते लिहिलेले असूनही कंत्राटदाराच्या माणसांनी रेन ट्रीचा शेंडा सपाट करायला घेतला. फांदी तिच्या मुळाशी असलेल्या फुगवट्याजवळ कापली तर जखम भरून येते. मध्येच कापली तर खुंट राहतो, तो कुजतो आणि त्याच्याभोवती कमकुवत धुमाऱ्यांचे झुडूप माजते. मी खाली पोहोचेपर्यंत दोन फांद्या गेल्या होत्या. आज त्या दोन्ही खुंटांवर हात हात लांबीचे फुटवे आहेत, तर नीट कापलेल्या जागी सालीची गोल कड आत सरकताना दिसते. तपासणी करणाऱ्यानेच छाटणीच्या दिवशी हजर राहावे, ही अट आम्ही करारात घालायला हवी होती.

अहवालाविषयी माझी खरी तक्रार नारळांबाबत आहे. जुलै 2017 मध्ये चेंबूरला नारळाचे झाड अंगावर पडून एका महिलेचा मृत्यू झाला होता आणि आमच्या सभासदांना सर्वाधिक भीती त्याचीच आहे. तरीही नऊ नारळांची पाहणी फक्त खालून दुर्बिणीने झाली आणि सगळ्यांपुढे ‘समाधानकारक’ असा शेरा आला. सप्टेंबरमध्ये झावळ्या उतरवायला चढलेल्या पाडेकऱ्याने सात नंबरच्या नारळाच्या शेंड्यात गेंड्या भुंग्याची भोके आणि चघळलेला भुसा दाखवला. नव्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या त्रिकोणी तुटलेल्या होत्या. एकदा दाखवल्यावर त्या जमिनीवरूनही स्पष्ट दिसत होत्या, त्यामुळे ही चूक मी किरकोळ मानत नाही. झाडांवर पिवळ्या रंगाने घातलेले क्रमांकही जुलैतच धुऊन गेले आणि अहवाल कोणत्या अशोकाविषयी बोलतो आहे हे शोधत बसावे लागले.

पावसाळ्यात एकही झाड पडले नाही. ते तपासणीमुळे की नशिबाने, हे ठरवण्याचा मार्ग माझ्याकडे नाही. सर्व बुंध्यांभोवतीचे पेव्हर ब्लॉक एक मीटरपर्यंत काढले असून तिथे पाणी मुरते. पुढची तपासणी फेब्रुवारीत ठेवली आहे, कावळ्यांची घरटी बांधून व्हायच्या आत. वृक्षतज्ज्ञ तेच राहतील, पण पाडेकऱ्यालाही त्याच दिवशी बोलावले आहे.